नूनखालीची सातवी पायरी

लढाई संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मनोहर गुर्जर कोमट पाण्याचं पातेलं आणि दाढीचं जुनं पातं घेऊन खिडक्यांच्या काचांवरचा काळा कागद खरवडायला बसला. भवानीपुरातल्या त्या गल्लीत घरोघरी तोच उद्योग चालला होता. डिसेंबर एकाहत्तरचा. भोंगे थांबले होते, मोटारींच्या दिव्यांवर फासलेला काळा रंगही हळूहळू निघत होता. मनोहरच्या घरचा कागद मात्र निघता निघत नव्हता, कारण तो शकुननं चिकटवला होता. एकेका काचेवर तिनं तीन-तीन थर दिले होते आणि न्हाणीघराच्या झरोक्यात वर उशी कोंबली होती.

"अगं, जनरलसाहेबांनीसुद्धा एवढी खबरदारी घेतली नसेल," मनोहर म्हणाला.

शकुन हसली नाही. ती लीनाच्या वेण्या घालत होती. त्या पंधरवड्यात घरात एक प्रकार घडून गेला होता आणि त्याबद्दल नवराबायको अजून नीट बोलली नव्हती. अंधाराच्या हुकमाच्या चौथ्या संध्याकाळी लीना न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून बाहेर आली होती. दोन मिनिटं, फार तर तीन. दाराखालचा तो पिवळा पट्टा पाहून शकुननं अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरच्या शैलाताई धावत वर आल्या. कधी कुणावर आवाज न चढवणारी बाई. तिनं बारा वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारली आणि मग तिथंच फरशीवर बसून थरथरत राहिली. त्या रात्री तिनं मनोहरला जे सांगितलं, ते एकोणतीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

शकुनचे वडील नारायणराव, घरातले नाना, तारखात्यात होते. जन्म गेला कलकत्त्यात, पण शेवटची बदली झाली ती नूनखालीच्या किल्ल्यावर. हुगळी समुद्राला मिळायच्या बेतात येते आणि पलीकडचा काठ दिसेनासा होतो, तिथे हा किल्ला. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. हा होता चिखलात. विटांचा, बसका, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला. एका कोपऱ्यात बुरूज आणि बुरुजावर तारघर. येणारी-जाणारी जहाजं बघायची आणि कलकत्त्याला तारेनं कळवायची, एवढंच काम. बुरुजाला चौतीस पायऱ्या होत्या. शकुन त्या रोज मोजत असे, कारण मोजायला तिथे दुसरं काही नव्हतं. आतल्या अंगणाच्या कडेला एक खोली त्यांना राहायला होती. तिथे नाना, आई श्यामला आणि नऊ वर्षांची शकू.

बेचाळीस साली ब्रह्मदेश पडला आणि त्या निवांत जागेत तोफा, वाळूची पोती आणि गोरे सोजीर येऊन पडले. अंधाराचा हुकूम झाला. बुरुजावरची घंटा वाजली की कुठे वात दिसता कामा नये. आता आईच्या घरात दिवा फुंकून मालवायची चाल नव्हती. फुंकर म्हणजे उष्टा वारा. तो दिव्याला लावायचा नाही, आणि 'विझव' हा शब्द तर तोंडातसुद्धा आणायचा नाही. दुधात बुडवलेलं फूल वातीवर अलगद टेकवायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आता नीज, उद्या ये." नुसतं 'जा' म्हणायचं नाही. दिव्यालाच काय, दारावरच्या भिकाऱ्यालाही म्हणायचं नाही, असं आईनं बजावलेलं. घंटा व्हायच्या जरा आधी नाना बुरुजाच्या पायथ्याशी येत आणि तिथूनच हाक मारत, "शकू, दिव्याला निरोप दे गं." मग शकू फूल शोधायला पळायची. नानांनाही मुलीचं हे सोवळं ठाऊक होतं, म्हणूनच ते आधी येत.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला आई तापानं फणफणली होती. दिवा शकूनंच लावला. फुलं सकाळच्या पूजेत संपलेली. जेवणाच्या सुमारास एकाएकी घंटा झाली, नानांची हाक न येताच. फूल नाही, दूध मांजरानं सांडलेलं. फुंकर मारायची तिची छाती झाली नाही. तिनं कोपऱ्यातली बांबूची टोपली उचलली, निरांजनावर पालथी घातली आणि आईला धरून खंदकाकडे निघाली. जाताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं. टोपलीच्या फटींतून उजेडाचे ठिपके सगळ्या भिंतीवर पडले होते.

बॉम्ब एकच पडला, बुरुजाच्या पायथ्याशी. वर यंत्रापाशी बसलेला जोडीदार हात मोडून वाचला. नाना जिन्यात सापडले, खालून सातव्या पायरीवर. सरकारी कागदावर आलं की कामाची जागा सोडून खाली आला असता मृत्यू. आई बिचारी मरेपर्यंत म्हणत राहिली की ते आपल्याला न्यायला येत होते. विमानाला आपला दिवा दिसला, हे शकुननं नवव्या वर्षी ठरवून टाकलं आणि तेव्हापासून वातीला हात लावला नाही. लग्नानंतर सासूबाई होत्या तोवर त्या दिवा लावत. त्या गेल्यावर मनोहरनं आठवण केली की ती विजेचं बटण दाबायची आणि म्हणायची, "झालं, पडला उजेड." मनोहरची आपली समजूत, की बायको कलकत्त्यात वाढलेली, सुधारक विचारांची आहे. एकदा लीनानं विचारलंही होतं, "आई, तू देवाला दिवा का नाही जाळत?" तेव्हा शकुननं फक्त तिची भाषा सुधारली, "जाळत नाहीत गं. लावतात."

हे सगळं आठवत मनोहरनं कागदाचा शेवटचा तुकडा काढला आणि पातं पुसून ठेवलं. तो नकाशांच्या कचेरीत होता. कुठलीही गोष्ट कागदावर आखून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"हे बघ," तो म्हणाला. "दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा. पिठूर चांदणं पडलं असणार. विमानवाल्याला अख्खी नदी दिसत होती, त्याला तुझ्या निरांजनाची काय पत्रास? आणि दुसरं, त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला होती?"

"नदीकडे."

"नक्की?"

"खिडकीतून नदी दिसायची. मला आठवतंय ना."

"नऊ वर्षांच्या पोरीचं आठवणं ते. पुढच्या रविवारी जाऊ आणि डोळ्यांनी बघून येऊ. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

शकुन नको म्हणाली, मंगळवारीही नको म्हणाली, आणि शनिवारी रात्री तिनं मुकाट्यानं दशम्या करून डब्यात भरल्या. मनोहर झोपल्यावर तिनं ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेलं आईचं निरांजन काढलं आणि पिशवीत टाकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

लीनाला शैलाताईंकडे ठेवून दोघं निघाली. एस्प्लनेडहून सकाळची बस, डायमंड हार्बरला दुसरी, आणि शेवटी सायकलला जोडलेल्या गाड्याच्या फळीवर पाय सोडून बसायचं. वाटेत मनोहरनं तिचं मन रमवायचा आपल्या परीनं प्रयत्न केला.

"तुला ठाऊक आहे का, हा किल्ला मुळात मातीचा. कुणा जमीनदारानं बर्गींच्या धास्तीनं बांधला म्हणतात. बर्गी म्हणजे आपलेच भाऊबंद, नागपूरकरांचे घोडेस्वार. आणि त्यांना अडवायला घातलेल्या भिंतीआड तुझे नाना तारा ठोकत बसले होते. ऑफिसात अजून मला बर्गी म्हणतात, लेकाचे."

"तुम्ही कुठे कुणाला लुटलंत? भाजीवाला तुम्हाला लुटतो," शकुन म्हणाली, आणि त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

किल्ला तिला वाटत होता त्यापेक्षा फारच लहान निघाला. फाटक मोडलेलं, तटावर पिंपळ, आणि वाळूच्या पोत्यांच्या जागी गवताचे उंचवटे. एक तोफ चिखलात तोंड खुपसून पडली होती. ओहोटी होती. दूरवर नुसता करडा गाळ, आणि त्याचा खारट, कुजका वास. तो वास नाकात गेला मात्र, शकुननं पदर नाकाशी धरला. बुरूज अर्धाच उरला होता. वरचा भाग पुढे कुठल्याशा वादळात गेला होता. जिन्याच्या अकरा पायऱ्या शाबूत होत्या आणि त्यानंतर मोकळं आकाश.

चौकीदार झोपडीतून बाहेर आला. सत्तरीच्या घरातला, बिहारातल्या छपऱ्याकडचा माणूस, नाव जयप्रकाश. त्याच्या झोपडीपुढे झेंडूची रोपं लावलेली होती. त्या ओसाड जागेत तेवढाच काय तो रंग.

"चार बजे बंद होता है, बाबू," तो म्हणाला. "देखना है तो जल्दी देख लीजिए."

त्यांची खोली उभी होती. छप्पर गेलेलं, पण चार भिंती, एक कोनाडा आणि एक खिडकी जागच्या जागी होती. मनोहरनं खिशातून होकायंत्र काढलं, खिडकीपाशी उभा राहिला, मग बाहेर जाऊन तटावर चढला, परत आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"शकुन, नदी नैर्ऋत्येला आणि तुझी खिडकी ईशान्येला. मध्ये पंधरा फुटी तट. या खिडकीतला उजेड नदीवरून दिसणं शक्यच नाही. आकाशातूनही नाही, वर छप्पर होतं. नदी तुला बुरुजावरून दिसायची, ती तू खिडकीला चिकटवलीस. सुटलीस की नाही?"

शकुन खिडकीतून बाहेर पाहत होती. समोर अंगण होतं, आणि अंगणापलीकडे, अगदी नाकासमोर, बुरुजाचं दार. दारातून जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. भिंतीतला एक झरोकाही नेमका इकडे रोखलेला होता.

"म्हणजे हा उजेड फक्त तिथून दिसत होता," ती म्हणाली.

"कुठून?"

"जिन्यातून. फक्त नानांना दिसला तो… म्हणून ते खाली आले."

मनोहरनं झरोक्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि होकायंत्र खिशात ठेवून दिलं. मलमपट्टी करायला आला होता आणि खपली काढून बसला होता. शेवटी शकुननंच त्याला सोडवलं.

"तुम्ही शेवटच्या बसची वेळ विचारून या. मी थोडा वेळ बसते इथे."

"एकटी?"

"माझंच घर आहे," शकुन म्हणाली.

तो गेल्यावर जयप्रकाश उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. आत मात्र आला नाही. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आप तारबाबू की बेटी हैं," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हताच. "हम तब पानी भरते थे यहाँ. आप को गोद में उठा के खंदक से हमीं निकाले थे."

शकुननं त्याला ओळखलं नाही, पण तो आवाज तिला ओळखीचा वाटला. ती दाराशी आली. जयप्रकाशनं खाली बसून कोरडी तंबाखू मळली आणि हळू आवाजात, थांबत थांबत सांगितलं. तारबाबूंना पहिल्यांदा त्यानंच पाहिलं होतं. सातव्या पायरीवर, भिंतीला टेकून, झोप लागावी तसे बसलेले. एका पायात चप्पल नव्हती.

"और हाथ में फूल था, दिदी."

"फूल?"

"गेंदे का. ऊपर तारघर में दत्त भगवान की फोटो थी, उसी की माला से तोड़ा हुआ. साहब लोग हँसते थे… बोले, गोला गिर रहा है और बाबू फूल ले के कहाँ जा रहा था? किसी के समझ में नहीं आया. हमारे भी नहीं."

शकुनला समजलं. ती उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. रागावून नव्हते आले नाना. दिवा फेकून द्यायलाही नव्हते आले. टोपलीच्या फटींतला उजेड बघून त्यांनी ओळखलं होतं की पोरीला फूल मिळालेलं नाही, आणि पोर फुंकर मारणार नाही. म्हणून ते फूल घेऊन निघाले होते. एवढी वर्षं तिनं जे उरावर वागवलं, त्यात हे फूल कुठेच नव्हतं. बराच वेळ गेला. नदीवर भरतीचं पाणी फिरल्याचा सूं-सूं आवाज येऊ लागला आणि तटाची सावली अंगण ओलांडून बुरुजाला लागली.

"ये पौधे उसी फूल के हैं," झेंडूकडे बोट दाखवून जयप्रकाश म्हणाला. "हर साल बीज रख लेते हैं. अब चलिए दिदी, साँझ हो गई. यहाँ हम बत्ती नहीं जलाते."

"का? म्हणजे… क्यों?"

त्यानं बुरुजाकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"इस कमरे में बत्ती जले… तो वो उतरते हैं. एक बार आँधी में हम लालटेन ले के यहाँ बैठे थे. ऊपर से पाँव की आवाज आई. उतरते-उतरते सातवीं सीढ़ी पर रुक गई… बस. रात भर वहीं खड़े रहे. तारबाबू किसी का बुरा नहीं करते, दिदी. पर हम से देखा नहीं जाता. इसलिए नहीं जलाते."

दुसरं कुणी असतं तर पिशवी उचलून फाटकाकडे धावलं असतं. शकुनही उठली, पण झेंडूच्या रोपांकडे गेली. तिनं एक फूल खुडलं. मग जयप्रकाशकडे तिनं दोन पळ्या तेल आणि रजईतला चिमूटभर कापूस मागितला. तो तिच्याकडे पाहतच राहिला, पण त्यानं दिलं. तेल सरसूचं, म्हणजे मोहरीचं होतं, बंगालात दुसरं कुठलं असणार? तिनं पिशवीतून निरांजन काढलं, पदरानं पुसलं आणि मांडीवर वात वळली. बोटांना सगळं आठवत होतं. एकोणतीस वर्षांनी तिनं काडी ओढली. कोनाड्यात निरांजन ठेवलं तेव्हा बाहेर अजून करडा उजेड होता, पण खोलीत अंधार उतरला होता. सरसूच्या उग्र वासात तो गाळाचा वास मिसळला. जयप्रकाश केव्हाच झोपडीकडे सरकला होता.

वारा पडला. पिंपळाची पानंही थांबली.

पहिलं पाऊल फार उंचावरून वाजलं. जिथे आता काहीच नव्हतं, नुसतं आकाश होतं, तिथून. दुसरं पाऊल. तिसरं. दगडावर वाळू चुरडावी तसा आवाज, आणि एक पाय चपलेचा, एक अनवाणी… फट्, आणि मग मऊसा. फट्, आणि मऊसा. ती मोजू लागली, लहानपणी मोजायची तशी, मनातल्या मनात, पण वरून खाली. चौतीस. तेहतीस. बत्तीस… अकराव्या पायरीशी पाऊल पोचलं तेव्हा तिनं डोळे उघडे ठेवून जिन्याकडे पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. आवाज मात्र दहाव्या पायरीवर आला, नवव्या, आठव्या…

सातवीवर थांबला.

अंगणात इतकी शांतता होती की वातीची चरचर ऐकू येत होती. तिथे कुणीतरी उभं होतं आणि इकडे पाहत होतं. शकुनला भीती वाटत होती. पण भीतीहून मोठं काहीतरी आतून वर आलं होतं. तिला एकदम वाटलं, हे माणूस किती वर्षं उभं आहे, आणि याला कुणी बस म्हणालं नाही.

"नाना," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "फूल मिळालं हं मला. बघा… तुमचंच आहे."

दूध नव्हतं. तिच्या गालांवरच्या पाण्यानं पाकळ्या ओल्या झाल्या होत्याच. तिनं ते फूल वातीवर अलगद टेकवलं. बारीकशी चर्र झाली, धुराची एक रेघ उठली आणि खोली अंधारली. तिनं हात जोडले आणि आईनं शिकवलेले शब्द तिच्या तोंडून आपोआप आले.

"आता नीज, उद्या ये."

मग जिन्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, तिनं तेच पुन्हा म्हटलं. "आता निजा, नाना. दमलात. उद्या या."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पाऊल वाजलं, पण खाली नाही, वर. आठवी पायरी. नववी. दहावी, अकरावी. तिथे जिना संपत होता. शकुननं श्वास धरला. बारावी. तेरावी… पावलं त्याच चालीनं, एक चपलेचं एक अनवाणी, मोकळ्या आकाशात चढत गेली. चौतीस झाल्या आणि मग नुसता भरतीचा आवाज उरला.

मनोहर धापा टाकत आला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. "सव्वापाचची शेवटची बस आहे, चल, चल," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून थबकला. "काय झालं?"

"काही नाही. सुटले," शकुन म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखी झोपली. मनोहरनं तिला हलवलंसुद्धा नाही. त्याचा खांदा अवघडून गेला, तरी त्याला बरं वाटत होतं.

सोमवारी शहरात कसलासा बंद होता. दुकानं मिटलेली, फूलवाला फिरकला नाही. संध्याकाळी शकुननं कुणी न सांगता केस विंचरले, तेच निरांजन घासून लख्ख केलं आणि देवापुढे दिवा लावला. लीना तर टाळ्याच वाजवायला लागली. मनोहरनं वर्तमानपत्र खाली घेऊन एकदा पाहिलं आणि पुन्हा तोंडासमोर धरलं. डोळ्यांतलं पाणी लपवायची त्याची तीच एक युक्ती होती. जेवणं झाली. नऊच्या सुमारास शकुन देवघराशी आली, दिव्याला निरोप द्यायला, आणि तिच्या लक्षात आलं की घरात फूल नाही. सगळं घर धुंडाळलं. तुळशीची मंजिरी चालेल का, असा ती विचार करत होती, तेवढ्यात लीनानं पुस्तकातून मान वर केली.

"आई, गच्चीवरून कोण उतरतं?"

त्यांचा मजला सगळ्यात वरचा. गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली इथे, खुंटीवर, मनोहरच्या डोक्यावर लटकत होती. गच्चीचा जिना लोखंडी, गोल वळणाचा. मांजर उतरलं तरी तो झणझणे. आता येत होता तो आवाज लोखंडाचा नव्हता. दगडावर वाळू चुरडावी तसा होता. फट्, आणि मऊसा. फट्, आणि मऊसा.

मनोहरनं किल्लीकडे पाहिलं, मग शकुनकडे. "किती पायऱ्या आहेत गं आपल्या जिन्याला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली. ती केव्हाची मोजत होती, आणि तिचं मोजणं विसाच्या पुढे गेलं होतं.

सातव्या पायरीशी पावलं थांबली नाहीत. चौतीस पुऱ्या झाल्या आणि ती दाराशी येऊन उभी राहिली. फटीतून गाळाचा खारट वास आत आला, आणि त्या वासात झेंडूचा. आपल्याजवळ फूल नाही, हे तिथे कुणाला तरी कळलं होतं.

लीना आईला येऊन चिकटली. "आई… कोण आहे?"

शकुननं तिच्या केसांवरून हात फिरवला. भिंतीवर दिव्याचा उजेड शांत होता. दार उघडायचं, फूल घ्यायचं, वातीवर टेकवायचं, हे सगळं तिला येत होतं. पण त्यानंतर काहीतरी म्हणावं लागतं. 'जा' असं तिनं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, आणि नानांना तर ती म्हणूच शकत नव्हती. दुसरे शब्द तिला येत होते ते चारच, 'आता नीज, उद्या ये', आणि ते ती काल म्हणून आली होती.

दारावर बोटाच्या पेरानं एकदाच, हलकेच, टकटक झाली.